चौघांनाही स्टिअरिंगच पाहिजे होतं

ऐंशी-पंच्याऐंशी लाखांची गाडी पाहायला गेलं की शोरूमवाला पहिले मागचं दार उघडून देतो. मागचा सनशेड, मागच्या एसीचं वेगळं पॅनल, दारातला लाइट रात्री कसा रंग बदलतो, सीट किती मागे झुकते, आणि मग पॅनोरमिक छत उघडून दाखवतो (नागपुरात, मे महिन्यात, ४५ डिग्रीत छत उघडून काय करू भाऊ, पापड वाळवू?). म्हणजे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं की एवढी महाग गाडी घेणारा माणूस मागे बसणार आणि समोर ड्रायव्हर असणार.

आमच्या घरचं उलटं आहे. लायसन चार आणि चारही चालू. मला हायवे आवडतो, बायकोला घाट, मुलीनं नुकतंच लायसन काढलंय त्यामुळे तिला दूध आणायलाही गाडीच पाहिजे, आणि बाबा, ७३ वर्षांचे, दर पाच वर्षांनी मेडिकल सर्टिफिकेट लावून लायसन रिन्यू करतात आणि काटोलच्या वावरात स्वतःच गाडी नेतात, शेजारी कोणी बसलं तर बसू देतात एवढंच. आतापर्यंत सगळे जुन्या ऑक्टाव्हियावर भांडायचो. गाडी चालवायला आजही मस्त आहे पण बुटकी पडते. काटोलकडच्या खोदलेल्या रस्त्यानं जाताना जीव खालीवर होतो, आणि आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता वर गेलाय, घर खाली राहिलंय, रोज गेटातून निघताना पोट घासल्याचा आवाज ऐकून बाबा डोळे मिटून घेतात. शिवाय त्यांच्या गुडघ्यांना इतकं खाली बसणं-उठणं आता झेपत नाही. म्हणून एसयूव्ही. लक्झरीच का, तर साधी उंच गाडी चालवून पाहिली होती आणि बायको वळणावर म्हणाली, ही झुलते, मला नाही पाहिजे. तिथून बजेट जे चढत गेलं ते थांबलंच नाही बाप्पा.

पहिल्या फेरीत नावं कापायला वेळ लागला नाही. ज्याचं सर्व्हिस सेंटर नागपुरात नाही ते बाद, कारण ऑइल बदलायला ट्रकवर चढवून गाडी दुसऱ्या शहरात पाठवायची हौस आम्हाला नाही. तीन रांगांच्या मोठ्या गाड्या बाद, आम्ही चार जण, उरलेल्या सीटवर काय संत्र्याचे क्रेट बसवायचे? पूर्ण बनून बाहेरून येणाऱ्याही बाद, त्यावर आयातीचा कर शंभर टक्क्यांच्या पुढं जातो आणि त्या पैशाला गाडीत काही दिसत नाही. उरल्या चार : बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू५ आणि व्हॉल्वो एक्ससी६०. चारही आपल्याकडेच जोडल्या जातात, बीएमडब्ल्यू चेन्नईत, व्हॉल्वो बंगळुरूजवळ होसकोटेला, आणि बाकीच्या दोन तर आपल्या महाराष्ट्रातच, मर्सिडीज चाकणला आणि ऑडी संभाजीनगरला. हे ऐकून बाबांना फार बरं वाटलं, का ते मला कळलं नाही.

मग टेस्ट ड्राइव्ह. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे वर्धा रोडवर सरळ जायचं, डबल डेकर पुलाखालून यू-टर्न मारायचा आणि परत यायचं. त्यात गाडीचा एसी कळतो, गाडी कळत नाही. आम्ही आमचा रस्ता सांगितला. पहिले घराच्या गल्लीतून आणि गेटातून आत-बाहेर, मग फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ आणि वळणं, आणि शेवटी मिहानवरून शिवमडक्याला समृद्धीवर चढून पहिल्याच इंटरचेंजला उतरून परत. एका शोरूमनं सरळ सांगितलं की सर, इन्शुरन्स फक्त आमच्या रूटचाच आहे. बरं, म्हटलं. दुसऱ्या एका ठिकाणी रूटला हो म्हणाले, पण बायको ड्रायव्हर सीटवर बसली तर सेल्सवाला पोरगा तिला सनव्हायझरमधला आरसा आणि त्याचा लाइट दाखवून राहिला. ती म्हणाली, दादा, टॉर्क (म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर) किती आहे? पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मुलगी बसली तेव्हा तर विचारलं, मॅडमचं लायसन किती जुनं आहे. तो प्रश्न मात्र बरोबर होता.

आमचे दोनच नियम होते : जो स्वतः चालवणार नाही त्यानं मत द्यायचं नाही, आणि चौघांचं चालवून होईपर्यंत आपसात बोलायचं नाही. दुसरा नियम कोणीच पाळला नाही.

जीएलसी पहिली. आम्ही डिझेल चालवली, २२०डी, १९७ हॉर्सपॉवर आणि ४४० एनएम टॉर्क. आत बसल्यावर शांतता अशी की सेमिनरी हिल्सच्या चढावर पण इंजिन तक्रार करत नाही, ढकलल्यासारखी वर जाते. हिच्यात गिअर स्टिअरिंगच्या उजव्या दांडीवर आहे, आणि इंडिकेटर-वायपर सगळं डाव्या दांडीत. मुलगी ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीवर शिकलेली, तिचा उजवा हात प्रत्येक वळणाला इंडिकेटर म्हणून गिअरकडेच जायचा आणि सेल्सवाला शेजारी बसून देवाचं नाव घ्यायचा. बाबा मात्र बसल्या-बसल्या खूश. "अरे हा तं आपला पद्मिनीचा गिअर!" त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीला गिअर स्टिअरिंगच्या दांडीलाच होता, फक्त डाव्या हाताला. पन्नास वर्षं मागे जाऊन आल्यावर त्यांनी विचारलं, यात क्लच कुठं असते.

क्यू५ मध्ये त्यांना अजून एक गोष्ट सापडली, एसीची खरीखुरी बटनं. बाकी तिन्ही गाड्यांत एसी पडद्यावर. आता मला सांगा, समृद्धीवर १२० ला चाललो असताना पडद्यावर बोट फिरवून टेंपरेचर शोधायचं म्हणजे काय आहे? बाबांनी न पाहता हात घातला, गोल बटन फिरवलं, झालं. तिचं पेट्रोल इंजिन चांगलंच चपळ आहे, २६५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, आणि शिवमडक्याच्या रॅम्पवर चढताना मी उगाचच जरा जास्त दाबलं. पण ऑडी भारतात २०२० नंतर डिझेल देत नाही, आणि आमचं डिझेलकडे आधीच मन चाललं होतं, त्याबद्दल पुढं सांगतो.

व्हॉल्वोची सीट. बस, एवढंच लिहून पुढं जावंसं वाटतं. पाठदुखीवाल्या माणसानं त्या सीटवर बसूच नये, नंतर घरचा सोफाही आवडत नाही. एअर सस्पेन्शन आहे, आणि आम्ही मुद्दाम काटोल रोडच्या खराब तुकड्यावर नेली तेव्हा ती चारही गाड्यांत सगळ्यात गोड चालली, खड्डा येतो हे दिसतं पण पोटात येत नाही. व्हॉल्वोनं २०२० पासून आपल्या सगळ्या गाड्यांना १८० ची मर्यादा बांधलीये. मुलीचं तोंड पडलं, जसं काही आपल्याकडे १८० चा रस्ता आहे. बाबांनी तिथंच जाहीर केलं, "मले हेच पाह्यजे. पोरीले पण हेच बरं."

एक्स३ शेवटी चालवली आणि इथं घरात फूट पडली. बसायला जीएलसी जास्त श्रीमंत वाटते, सीट व्हॉल्वोची, बटनं ऑडीची, पण सेमिनरी हिल्सच्या त्या एका डाव्या वळणावर, जिथं रस्ता उतरता-उतरता आवळत जातो, बायकोनं गाडी आत टाकली आणि स्टिअरिंगला पुन्हा दुरुस्ती करावी लागली नाही. तिनं काही बोलली नाही, यू-टर्न मारून तेच वळण परत घेतलं. २०डी, म्हणजे दोन लिटरचं डिझेल, १९७ हॉर्सपॉवर, ४०० एनएम, आठ गिअर. कागदावर जीएलसीपेक्षा एक पैसाही जास्त नाही, उलट टॉर्क कमीच. पण ब्रेक पाय ठेवला तितकाच लागतो, वळताना गाडीचं मागचं टोक आपल्यासोबत येतंय हे कमरेला कळतं, आणि हे ब्रोशरमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. सस्पेन्शन कडक आहे, काटोल रोडवर व्हॉल्वोनंतर बसलं की ते लगेच समजतं, बाबांनी ते तीनदा ऐकवलं.

बाबांचा एक प्रश्न मात्र सगळ्या गाड्यांना सारखा होता, "समृद्धीवर १२० च्या वर जाताच येत नाही, तर हे दोनशे घोडे कायले?" प्रश्न बरोबरच आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणेचा शेवटचा तुकडा उघडल्यापासून सलग जाता येतं, आणि त्या सगळ्या रस्त्याला ताकद लागतच नाही, लागतं ते लक्ष. तिथं मला पाहिजे शांत केबिन, अंगाला न चावणारी सीट आणि झोप येऊ न देणारं काहीतरी. ताकद लागते ती दुसरीकडे, अमरावतीच्या पुढे परतवाड्याकडे, किंवा सावनेरवरून छिंदवाड्याला जाताना, जिथं समोर उसाची किंवा संत्र्याची लादलेली गाडी असते, मागून बस हॉर्न वाजवून राहिलेली असते आणि ओव्हरटेकला जागा मोजकी मिळते. ६० वरून १०० ला किती पटकन जाते हा खरा आकडा. डिझेलचा टॉर्क खालीच मिळतो म्हणून ते काम न ओरडता होतं. चिखलदऱ्याचा घाट चढतानाही तेच.

म्हणून डिझेल. पण डिझेलचं एक दुखणं आहे जे शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही, आम्हाला सक्करदऱ्याच्या आमच्या जुन्या मेकॅनिकनं सांगितलं. नवीन डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो साफ व्हायला इंजिन चांगलं तापावं लागतं, म्हणजे गाडी अधूनमधून हायवेवर पळाली पाहिजे. रोज फक्त धरमपेठ ते सीताबर्डी करणाऱ्यानं डिझेल घेतलं तर फिल्टर चोक होणार आणि दिवा लागणार. शिवाय अॅडब्लूची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रावणाची, टाकी वेगळी, ती संपू द्यायची नाही. आणि टॅक्स. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या गाडीला पेट्रोल असेल तर रोड टॅक्स १३ टक्के, डिझेल असेल तर १५. सत्तर लाखांच्या गाडीला हा दोन टक्क्यांचा फरकच १ लाख ४० हजार होतो, तो डिझेल वाचवून भरून काढायला किती किलोमीटर लागतील ते मुलीनं एक्सेलमध्ये मांडून दाखवलं आणि आम्ही ती शीट बंद केली. आम्ही पैसे वाचवायला डिझेल घेत नव्हतो. जवळपास दर रविवारी गाडी कुठंतरी पळतेच, फिल्टरची चिंता आम्हाला नव्हती.

सीएनं मध्येच एक पिल्लू सोडलं की गाडी फर्मच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. हिशेब काढला तर कंपनीच्या नावावर रोड टॅक्स सरळ २० टक्के. नाव माझंच राहिलं.

तोवर २०२५ चा १५ ऑगस्ट आला आणि लाल किल्ल्यावरून दिवाळीआधी जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. झालं, देशभरात लोकांनी बुकिंग रोखून धरले आणि शोरूमचे फोन सुरू झाले, सर, आत्ता घ्या, आम्ही वेगळा डिस्काउंट देतो. ३ सप्टेंबरला आकडा आला : मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस असे ५० होते, ते सेस काढून सरळ ४०. लागू २२ सप्टेंबरपासून. पन्नासवरून चाळीस म्हणजे गाडी दहा टक्क्यांनी स्वस्त होत नाही बरं का, दीडशेचे एकशेचाळीस होतात, म्हणजे साधारण पावणेसात टक्के. तरी ७५ लाखांच्या गाडीमागे ५ लाख, आणि किंमत उतरली की त्यावरचा रोड टॅक्सही उतरतो, डिझेलवाल्याचे आणखी पाऊण लाख. थांबणं फायद्याचंच होतं. त्यात गंमत अशी की २१ ला पितृपक्ष संपला आणि २२ ला घटस्थापना. बाबा म्हणाले, "तसंही पितरपाटात कोण गाडी घेते? सरकारनं बी पाळलं."

या मधल्या काळात शेवटच्या दोन गाड्या, एक्स३ आणि एक्ससी६०, अर्धा-अर्धा दिवस मागून घेतल्या. खरंच घेणार आहेत असं वाटलं की देतात, लाजायचं नाही. कामठी-कन्हान-मनसरवरून रामटेक, आणि गडमंदिराचा चढ. लहानसाच आहे पण वळणं खरी आहेत आणि वर माकडं अचानक मध्ये येतात, त्यामुळे ब्रेकची परीक्षा फुकटात होते. जाताना लेन असिस्ट, म्हणजे गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवणारी सोय, चालू ठेवलं होतं. समृद्धीवर ते कामाचं आहे, पट्टे नीट आहेत, दुचाकीला बंदी आहे. कन्हानच्या गर्दीत मात्र बैल, ऑटो, उलट्या दिशेनं येणारा भाऊ, आणि गाडी दर दोन मिनिटांनी स्टिअरिंग थरथरवून सांगते की तुमचं चुकून राहिलं. बायकोनं गडाखालीच ते बंद केलं.

गडावरून उतरताना तिनं निकाल देऊन टाकला. मी तिच्या बाजूनं. मुलगी इतके दिवस जीएलसी म्हणत होती, पण तिला एक्स३ गेटातून काढताना बाजूचे कॅमेरे आवडले, आणि तिला गेट हाच सगळ्यात मोठा घाट आहे. कारण ही गाडी १९२० मिलिमीटर रुंद, आमच्या ऑक्टाव्हियापेक्षा चार इंच जास्त, आणि पोर्चचा खांब तिथंच आहे जिथं आजोबांनी बांधला. टेपनं मोजून, आरसे मिटवून, आत येते. बाबा शेवटपर्यंत व्हॉल्वोच म्हणत राहिले आणि तेही चुकीचं बोलत नव्हते. मग त्यांनी अट घातली : मोठ्या चाकांचा ऑप्शन घ्यायचा नाही, टायरचं रबर जितकं उंच मिळेल तितकं. ती अट लगेच मान्य, कारण काटोल रोडवर पातळ टायर फाटला तर एकाचेच पंचवीस-तीस हजार जातात. त्यांनी स्टेपनी कुठं आहे तेही विचारलं. एवढ्या महाग गाड्यांत स्टेपनी हा प्रश्न विचारावाच लागतो, कुठं छोटं चाक असतं, कुठं डिकीची अर्धी जागा खाऊन बसतं, तुम्ही बॅगा घेऊन गेलात तरच समजते. आम्ही दोन सुटकेस आणि एक संत्र्याचा क्रेट सोबत नेला होता, शोरूममधले लोक पाहत राहिले.

सीटची मेमरी हा आमच्या घरचा वेगळाच विषय. बाबांना सीट उंच आणि पुढे, मला मागे, बायकोला स्टिअरिंग छातीजवळ. मेमरीची बटनं दोन किंवा तीन आणि ड्रायव्हर चार. प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करता येतं, सीट-आरसे आपोआप जागेवर येतात, फक्त बाबा प्रोफाइल न बदलता हातानं सीट हलवतात आणि मग माझंच बिघडतं.

इन्शुरन्सवर शोरूमशी थोडं भांडलो. त्यांचा कोट एक, बाहेरचा एक, आणि कव्हर तेच. बाहेरचा कागद समोर ठेवला तर त्यांचाही खाली आला. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला किंवा पूर्ण कामातून गेली तर बिलाची रक्कम मिळते) तर घेतलंच, पण इंजिन प्रोटेक्ट मी कोणालाही सोडू देणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रात्रीतून पाऊस झाला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली आणि सकाळी धरमपेठ-शंकरनगरकडे पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहिली की इंजिनात पाणी जाते आणि साधी पॉलिसी हात वर करते. आणि ऑन-रोड किमतीत तो एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच घेतलेला आयकर, दिसतो ना, दहा लाखांच्या वरच्या गाडीचा, तो खर्च नाही, रिटर्न भरताना वजा होतो, सीएला पावती द्यायला विसरू नका.

डिलिव्हरीच्या आधी गाडी यार्डात जाऊन पाहिली, दसऱ्याच्या गर्दीत हे कोणी करू देत नाही पण आम्ही अडून बसलो. चारही टायरवरचा शेवटचा चार आकडी नंबर वाचला, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही एकाच सुमाराचे आहेत का ते पाहायचं, स्टेपनीचाही. चासिस नंबर कागदाशी जुळवला, किलोमीटर पाहिले, पेंटवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला. मागच्या दारावर एक ओरखडा निघाला, पॉलिश करून देतो म्हणाले, आम्ही लेखी घेतलं. फास्टॅग चालू, नंबर एमएच-३१ चा.

आता भांडण एवढंच उरलंय की चिखलदऱ्याला जाताना परतवाड्यापर्यंत कोण चालवणार. तिथून पुढं तर बायको कोणाला हात लावू देणार नाही, आणि बाबांनी सांगून ठेवलंय की परत येताना अमरावती ते नागपूर त्यांचं.